फ्रँक पार्सन्स : व्यवसाय मार्गदर्शनाचे आद्य शिक्षक

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १३ जानेवारी १९०८ रोजी एक लहानसे कार्यालय उघडले गेले. तेथे कोणाला नोकरी मिळत नव्हती, पैशाची मदत वाटली जात नव्हती आणि कोणत्याही पंथाचा प्रचारही होत नव्हता. आपण आयुष्यात कोणते काम करावे हा प्रश्न घेऊन कोणीही तेथे यावे आणि एका जाणत्या माणसाजवळ बसून त्याचा शांतपणे विचार करावा, एवढेच त्या कार्यालयाचे प्रयोजन होते. कार्यालयाचे नाव व्होकेशन ब्यूरो आणि तो जाणता माणूस म्हणजे प्राध्यापक फ्रँक पार्सन्स. आज जगभरच्या शाळांमधून समुपदेशक म्हणून जी व्यक्ती वावरताना दिसते, तिच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः या कार्यालयापासून मानला जातो. पार्सन्स यांना व्यवसाय मार्गदर्शनाचे जनक म्हणतात.

त्यांचे चरित्र या स्मरणिकेत का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. गेल्या शैक्षणिक वर्षात आपल्या शाळेत समुपदेशनाचे प्रशिक्षण घेणारे काही तरुण-तरुणी इयत्ता आठवी ते दहावीच्या वर्गांवर मार्गदर्शनाच्या तासिका घेण्यासाठी येऊ लागले. पालकसभेत त्यावरून बरीच चर्चा झाली. ही मंडळी शिक्षक नाहीत, डॉक्टर नाहीत, मग ती मुलांना नेमके काय शिकवितात? आमच्या मुलाच्या डोक्यात काही बिघाड आहे असे का कोणाला वाटते? की गरिबाच्या मुलाने मोठी स्वप्ने पाहू नयेत, हेच गोड शब्दांत सांगायला ती आली आहेत? यातला शेवटचा प्रश्न विचारणारे पालक अनुभवाने शहाणे झालेले होते आणि त्यांची शंका झटकून टाकण्यासारखी नाही. ज्यांनी ही वाट प्रथम पाडली त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यास या शंकेचा विचार अधिक नीट करता येईल, असे आम्हास वाटले.

पार्सन्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८५४ रोजी न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली या गावी झाला. बुद्धी तल्लख, अभ्यासाची आवड दांडगी. कॉर्नेल विद्यापीठातून १८७३ साली त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पदवीनंतर एका रेल्वे कंपनीत अभियंत्याची जागाही मिळाली. एवढे वाचून कोणीही म्हणेल की या मुलाचा मार्ग ठरला. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, रेल्वे कंपन्या धडाधड बुडाल्या आणि त्यांत पार्सन्स यांची कंपनीही बुडाली. अभियंत्याची पदवी हाती असलेला हा तरुण पोटासाठी लोखंडाच्या कारखान्यात मजूर म्हणून राबू लागला.

पुढची कित्येक वर्षे त्यांच्या आयुष्याला स्थैर्य असे लाभलेच नाही. मॅसॅच्युसेट्समधील साउथब्रिज येथे ते शाळाशिक्षक झाले. तेथील ओळखीच्या लोकांनी, या माणसाची वादपटुता पाहता याने वकील व्हावे, असा आग्रह धरला. तो मानून त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि फार थोड्या काळात एवढा मोठा अभ्यास उरकला की १८८१ साली सनद मिळाली, पण प्रकृती पार ढासळली. प्रकृती सुधारावी म्हणून सुमारे तीन वर्षे त्यांना न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या, कोरड्या हवेत काढावी लागली. परत येऊन बॉस्टनमध्ये वकिली थाटली, तर ती मनाला मानवेना. मग कायद्याची पुस्तके लिहिण्याचे व संपादित करण्याचे काम एका प्रकाशनसंस्थेसाठी केले. १८९२ पासून बॉस्टन विद्यापीठाच्या विधी शाळेत ते व्याख्याते झाले. अभियंता, मजूर, शिक्षक, वकील, लेखक, व्याख्याता : चाळिशी गाठेपर्यंत या गृहस्थांनी इतकी कामे करून पाहिली होती, आणि त्यांतील काही इतरांच्या सांगण्यावरून. दुसऱ्याने सुचविलेला व्यवसाय अंगावर घेतला म्हणजे काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

राजकारण आणि अर्थकारण या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. पाणी, दिवाबत्ती, वाहतूक या गोष्टी खासगी मक्तेदारांच्या हाती न राहता नगराच्या मालकीच्या असाव्यात, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी ते भांडत राहिले. १८९५ साली बॉस्टनच्या महापौरपदाची निवडणूक सुधारकांच्या पाठिंब्यावर लढवून ते हरले. १८९७ ते १८९९ या काळात कॅन्सस राज्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. तेथे राजकीय सत्ता पालटताच सुधारक विचारांच्या प्राध्यापकांना घरी पाठविण्यात आले, त्यांत हेही होते. या सर्व प्रकरणांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. शहर कोणासाठी चालते, कष्ट कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न वीस वर्षे डोक्यात घेऊन फिरलेला माणूस पुढे मुलांच्या व्यवसायनिवडीकडे वळला. मार्गदर्शनाची कल्पना त्यांना मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुचलेली नाही.

ती सुचली बॉस्टनच्या नॉर्थ एंड या वस्तीत. इटली, रशिया, पोलंड अशा देशांतून आलेली स्थलांतरित कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत. बहुतेक मुले लवकरच शाळा सोडत आणि समोर जे काम पहिल्यांदा येईल ते पत्करत. बाप मासळीबाजारात तर मुलगा मासळीबाजारात, शेजारचा पोऱ्या वर्तमानपत्रे विकतो म्हणून हाही वर्तमानपत्रे विकतो, असा प्रकार होता. चार-सहा महिन्यांनी ते काम सुटे, दुसरे धरावे लागे, आणि कोणतेच कौशल्य हाती न येता तारुण्य संपून जाई. या वस्तीत १९०१ साली सिव्हिक सर्व्हिस हाउस नावाचे सेवाकेंद्र सुरू झाले होते. त्यासाठी पैसा दिला पॉलीन अगासिझ शॉ या विदुषीने. बॉस्टनमधील बालवाड्यांचा प्रसारही त्यांच्याच दातृत्वाने झाला होता. केंद्राचे संचालक मेयर ब्लूमफील्ड हे स्वतः स्थलांतरित घरातून आलेले तरुण होते.

या केंद्रात १९०५ साली पार्सन्स यांनी कष्टकऱ्यांसाठी एक विद्यालय सुरू केले. ब्रेडविनर्स म्हणजे भाकरी कमावणाऱ्यांचे विद्यालय, असे त्याचे सरळ नाव. दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबलेली माणसे संध्याकाळी तेथे येऊन इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी भाषा शिकत. आपल्या रात्रशाळांची आठवण ज्या वाचकांना आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पेंगुळलेले डोळे, हातांना राहिलेला तेलाचा वास आणि तरीही न चुकता येणारी माणसे. या वर्गांत शिकविताना पार्सन्स यांच्या ध्यानात आले की, हुशारीची येथे वानवा नाही. वानवा आहे ती माहितीची आणि ती माहिती कशी पारखावी हे सांगणाऱ्याची.

१९०६ साली बॉस्टनच्या इकॉनॉमिक क्लबसमोर आदर्श नगर या विषयावर व्याख्यान देताना त्यांनी तरुणांना व्यवसायनिवडीत मदत मिळाली पाहिजे, असा विचार मांडला. ब्लूमफील्ड यांनी तो उचलून धरला. सायंकालीन माध्यमिक शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना त्यांनी केंद्रात बोलाविले आणि पार्सन्स यांना त्यांच्यापुढे उभे केले. आमच्या मते हा शाळकरी मुलांसाठीच्या सामुदायिक मार्गदर्शनपाठाचा एक आरंभच होता. व्याख्यान संपले तेव्हा अनेक मुले रेंगाळली. प्रत्येकाला आपल्यापुरते काही विचारायचे होते. वर्गात सर्वांना मिळून सांगितलेले ऐकून मुलगा जागा होतो, पण जागा झाल्यावर त्याला एकट्याने बोलायचे असते, हे त्या संध्याकाळी दिसले. एकट्याने बोलण्याची जागा म्हणून पुढे व्होकेशन ब्यूरो उभा राहिला. पैसा पुन्हा श्रीमती शॉ यांनीच पुरविला.

पार्सन्स यांच्या पद्धतीचे तीन भाग होते. प्रथम स्वतःची नीट ओळख करून घ्यायची : आपली आवड, कुवत, मर्यादा, साधने आणि त्यांची कारणे. नंतर कामांच्या जगाची ओळख : कोणत्या कामाला काय शिकावे लागते, वेतन किती, भविष्य काय, तोटे कोणते. आणि शेवटी या दोहोंचा परस्परसंबंध तर्काने लावायचा. आज हे वाचताना फार साधे वाटते. पण त्या काळी व्यवसाय बापाकडून, नशिबाकडून किंवा शेजाऱ्याकडून येत असे. तो विचाराने ठरविता येतो, आणि तो विचार शिकविताही येतो, हे कोणी पद्धतशीरपणे मांडलेले नव्हते.

येणाऱ्याला शंभराहून अधिक प्रश्नांची एक यादी घरी नेण्यासाठी मिळे. ती त्याने सावकाश, प्रामाणिकपणे भरायची. तुझ्या बोलण्यात आर्जव आहे का, पैसे साठवितोस का, वाचन काय, झोप किती, फुरसतीचा वेळ कसा जातो, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. आपल्याला ओळखणाऱ्या माणसांनाही आपल्याविषयी विचारून पाहा, असे ते सांगत. थोरांची चरित्रे वाचा आणि ती माणसे यशाला कोणत्या पायऱ्यांनी पोचली ते शोधा, असाही त्यांचा आग्रह असे. ब्यूरोने १ मे १९०८ रोजी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यानुसार पहिल्या काही महिन्यांत ८० स्त्री-पुरुष सल्ल्यासाठी आले होते. त्यांत पंधरा वर्षांची मुले होती आणि बहात्तर वर्षांचे वृद्धही होते. व्यवसाय मार्गदर्शन हा शब्दप्रयोग छापील रूपात प्रथम याच अहवालात आल्याचे मानले जाते. मुलाने काय व्हावे ते ब्यूरो ठरविणार नाही, निर्णय त्याचा त्यानेच घ्यायचा, हे तत्त्व पार्सन्स यांनी स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे.

तत्त्व सांगणे सोपे असते. ते पाळताना काय होते, हे त्यांच्याच पुस्तकातील एका हकिगतीवरून कळते. एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. अंगाने किरकोळ, गाल बसलेले, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही, हस्तांदोलनात जोर नाही. तासाभराहून अधिक चाललेल्या मुलाखतीत तो एकदाही हसला नाही. अभ्यासात जेमतेम, स्मरणशक्ती कमी, वाचन वर्तमानपत्रापुरते, पैसा नाही, मित्र थोडे. डॉक्टरला मध्यरात्री उठून जावे लागते, रोगांची लक्षणे आणि औषधे यांची जाडजूड पुस्तके डोक्यात ठेवावी लागतात, याचीही त्याला कल्पना नव्हती. खोदून विचारल्यावर कळले ते असे की, लोकांनी आपल्याला मान द्यावा, ही एकच तळमळ त्याच्या मनात होती आणि डॉक्टर झाल्यास तो मान सहज मिळेल असे त्याला वाटत होते. पार्सन्स यांनी प्रश्न विचारीत विचारीत त्याला या व्यवसायातील आपल्या यशाची शक्यता फार कमी आहे, या जाणिवेपर्यंत आणले आणि मान इतर कामांतूनही मिळू शकतो, हे त्याच्या मनावर ठसविण्याचा प्रयत्न केला.

ही हकिगत आम्ही संपादक मंडळात मोठ्याने वाचली तेव्हा आमच्यात मतभेद झाला आणि तो मिटलेला नाही. काहींना पार्सन्स यांचे वागणे दयाळूपणाचे वाटले. खोट्या आशेवर दहा वर्षे घालविण्यापेक्षा एक तासाचे कटू सत्य बरे, असे त्यांचे म्हणणे. इतरांना तो मुलगा आपल्या वसतिगृहातला वाटला. मान मिळावा म्हणून डॉक्टर होऊ पाहणारा, पुस्तके न मिळालेला, हसायचे कसे हे विसरलेला मुलगा आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही? त्याची स्मरणशक्ती खरोखरच कमी होती, की त्याच्या जेवणात काही कमी होते? त्याच्या निस्तेजपणाची नोंद पार्सन्स यांनी बारकाईने केली, परंतु त्यामागच्या वस्तीची आणि उपासमारीची मोजदाद त्या मुलाखतीत पुरेशी झाली नाही, असे आमच्यातील या मंडळींचे मत आहे. वस्तीचे अर्थशास्त्र आयुष्यभर लिहिलेल्या माणसाकडून हे व्हावे, याचे नवलही वाटते.

आणखीही एक उणीव सांगितली पाहिजे. मुलाखत घेताना पार्सन्स समोरच्याच्या डोक्याचा आकार, कानांच्या पुढचा-मागचा भाग, चेहऱ्याची ठेवण यांचे निरीक्षण करीत आणि त्यावरून काही अनुमाने काढीत. कवटीच्या आकारावरून बुद्धी आणि स्वभाव ओळखण्याची ही कल्पना त्या काळात अनेक सुशिक्षितांना पटत असे. विज्ञानाने ती पुढे पूर्णपणे टाकून दिली. माणसाच्या देहावरून आणि कुळावरून त्याची लायकी ठरविण्याचा जो दुष्ट व्यवहार आपल्या समाजाने शतकानुशतके सोसला, तो पाहता या भागाकडे आपण दुर्लक्ष करू शकत नाही. पार्सन्स यांचा मोठेपणा या उणिवांसकटच मोजावा लागतो.

तरीही त्यांनी मांडलेल्या मूळ प्रश्नाचे आपल्याशी असलेले नाते फार जवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनविषयक निबंधात जातिव्यवस्थेवर जे आक्षेप घेतले, त्यांतील एक नेमका व्यवसायासंबंधी आहे. माणसाची अंगभूत क्षमता वाढवून तिच्या आधारे त्याला स्वतःचे काम निवडता आले पाहिजे. जातिव्यवस्था मात्र आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ते काम जन्माआधीच ठरवून टाकते, आणि त्यामुळे नावडत्या कामात जखडलेली माणसे तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. बॉस्टनमधील मुलापुढे निवडीचे शास्त्र नव्हते. आपल्या आजोबा-पणजोबांपुढे निवडच नव्हती. म्हणून मार्गदर्शनाचा पाठ आपल्या वर्गात येतो तेव्हा त्याचे वजन वेगळे असते, आणि तो चुकीच्या हातून दिला गेला तर त्याची इजाही वेगळी असते.

चुकीचे हात ही चिंता पार्सन्स यांनाही होती. आपल्या अहवालात त्यांनी म्हटले की, हे कार्य प्रत्येक गावच्या सार्वजनिक शाळाव्यवस्थेचा भाग झाले पाहिजे आणि ते करणाऱ्यांना वैद्यकीच्या किंवा वकिलीच्या तोडीचे काटेकोर प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी बॉस्टनच्या वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या आश्रयाने समुपदेशकांसाठी एक प्रशिक्षणवर्ग त्यांनी आखला. समुपदेशकाच्या अंगी काय असावे, याची त्यांनी केलेली मांडणी आजही वाचण्याजोगी आहे. मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांची जाण, नाना प्रकारच्या माणसांत वावरल्याचा अनुभव, तरुणांशी आस्थेने पण मोकळेपणी बोलण्याची हातोटी, उद्योगधंद्यांच्या अटींची आणि शिक्षणाच्या सोयींची अद्ययावत माहिती, आणि निष्कर्षाची घाई न करणारी शास्त्रीय बुद्धी, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. केवळ व्याख्याने ऐकून हे साधत नाही, प्रत्यक्ष माणसांबरोबर सराव करावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

हे सर्व आकार घेत असतानाच २६ सप्टेंबर १९०८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्यूरो उघडून नऊ महिनेही झाले नव्हते. त्यांचे हस्तलिखित मित्र राल्फ आल्बर्टसन यांनी जुळविले आणि १९०९ साली चूझिंग अ व्होकेशन या नावाने ते प्रसिद्ध झाले. ज्या पुस्तकामुळे त्यांचे नाव राहिले ते छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढचे काम इतरांनी केले. ब्लूमफील्ड यांनी ब्यूरो सांभाळला. बॉस्टनचे शाळा अधीक्षक स्ट्रॅटन ब्रुक्स यांच्या सहकार्याने शहरातील ११७ शिक्षकांची व्यवसाय समुपदेशक म्हणून नेमणूक झाली. हे शिक्षक आपले नित्याचे अध्यापन सांभाळून हे जादा काम करीत, आणि ब्यूरो त्यांच्यासाठी व्याख्याने व बैठका आयोजित करी. प्रशिक्षण घेत असतानाच वर्गात मार्गदर्शन करणारी ही पहिली मोठी तुकडी म्हणता येईल. १९१० साली बॉस्टनला या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९११ साली हार्वर्ड विद्यापीठात ब्लूमफील्ड यांनी समुपदेशकांसाठी अभ्यासक्रम घेतला. ऑक्टोबर १९१३ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोचले होते. दोन घटनांचा संबंध नाही, परंतु तारखा शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

ग्रँड रॅपिड्सचा उल्लेख आला म्हणून जेसी डेव्हिस यांच्याविषयी दोन शब्द. हे गृहस्थ तेथील सेंट्रल हायस्कूलचे मुख्याध्यापक. स्वतंत्र कार्यालयाची वाट न पाहता त्यांनी १९०७ पासून इंग्रजीच्या निबंधलेखनाच्या तासाचाच उपयोग करून घेतला. आठवड्यातून एकदा मुलांनी एखाद्या व्यवसायाविषयी, थोराच्या चरित्राविषयी किंवा स्वतःच्या आकांक्षेविषयी लिहावे आणि शिक्षकांनी त्यावर चर्चा घडवावी, अशी योजना होती. वेगळा खर्च नाही, वेगळी इमारत नाही, आणि एकही मुलगा वगळला जात नाही. पार्सन्स यांच्याकडे जो उठून येई त्यालाच लाभ मिळे. डेव्हिस यांच्या वर्गात मागच्या बाकावरचा अबोल मुलगाही आपोआप सामावला गेला. निवासी शाळेच्या दृष्टीने आम्हास डेव्हिस यांची रीत अधिक उपयोगाची वाटते, हे येथे नमूद करतो.

आज अमेरिकेत शालेय समुपदेशक होऊ इच्छिणाऱ्याला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रथम किमान १०० तासांचा सराव आणि नंतर ६०० तासांची आंतरवासिता करावी लागते. त्या ६०० पैकी २४० तास प्रत्यक्ष सेवेचे असावे लागतात. वर्गात पाठ घेणे हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग. एकेकाळी अनेक राज्यांत समुपदेशकाला आधी शिक्षक असणे सक्तीचे होते. बहुतेक ठिकाणी आता ती अट उरलेली नाही, त्यामुळे एकट्या मुलाशी उत्तम बोलू शकणारा प्रशिक्षणार्थी चाळीस मुलांपुढे गांगरून जातो, असा तेथील प्रशिक्षकांचा अनुभव आहे. पार्सन्स आणि डेव्हिस दोघेही मुळात शिक्षक होते, हे विसरता येत नाही. आपल्या देशात कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात केलेल्या अभ्यासात मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे आणि त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासून व्हावा, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी किती झाली हे प्रत्येक पालकाला आपल्या गावच्या शाळेकडे पाहून सांगता येईल.

आपल्या शाळेतील प्रशिक्षणार्थींचे पहिले काही पाठ विस्कळीत झाले. फळ्यावर मोठमोठे शब्द लिहिले गेले आणि मुले माना डोलावीत राहिली. मग आपल्या ज्येष्ठ शिक्षिकांनी वर्गाच्या मागे बसून त्यांचे पाठ पाहावेत आणि नंतर त्यांच्याशी बोलावे, असे ठरले. तिसऱ्या आठवड्यात नववीच्या वर्गाला एक साधे काम देण्यात आले. तुम्हाला माहीत असलेली सर्व कामे वहीत लिहा. पोलीस, सैनिक, शिक्षक, परिचारिका, तलाठी, चालक, शेतमजूर, गवंडी, आणि अर्थातच डॉक्टर व कलेक्टर. यादी पंधरा-वीस नावांपुढे फारशी सरकेना. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भूमापक, लेखापरीक्षक, ग्रंथपाल, भाषांतरकार, नकाशे तयार करणारा, धरणावरचा यांत्रिक, अशी कामे करणारे आपले अनेक माजी विद्यार्थी आहेत, पण त्यांच्या कामांची नावे त्यांच्याच शाळेतल्या मुलांना ठाऊक नव्हती.

त्या दिवसापासून प्रशिक्षणार्थींनी एक व्यवसायनोंदवही सुरू केली आहे. एका कामासाठी एक पान. कामाचे नाव, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करावे लागते, कोणते शिक्षण लागले, फी आणि शिष्यवृत्ती कशी जमविली, कोठे अडचण आली, पहिला पगार किती होता, असे रकाने त्यात आहेत. सल्ल्यासाठी रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. ती वही वसतिगृहाच्या गृहपालांकडे असते आणि रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी मुलांना पाहायला मिळते. स्मरणिकेच्या प्रकाशनास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी आपले पान त्यात स्वतःच्या हाताने लिहून जावे. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी ते टपालाने पाठविल्यास आम्ही वहीत चिकटवू.